विहीणबाई, मुळशी आणि मी गाळलेली वाक्यं

अनया, निखिल, मी मुळशीला जाऊन आले. तुमच्या ग्रॅमाबरोबर, म्हणजे तुमच्या बाबांच्या आईबरोबर गेले होते. तिने परत आल्यावर तुम्हाला बरंच काही सांगितलं असेल, पण ती गाडीच्या एका खिडकीशी बसली होती आणि मी दुसरीशी, तेव्हा माझंही ऐका. हे तुमची आई वाचून दाखवील. मेधा, वाचताना मधलं काही गाळू नकोस. का, ते पुढे कळेल.

आधी हा प्रवास घडला कसा ते सांगते. अनया, डिसेंबरात पुण्याला येणार नाही असं तू उन्हाळ्यातच जाहीर केलंस. तुझी आई फोनवर कारण सांगताना चाचरत होती. "ती म्हणते, तिथे सगळे माझ्याकडे बघतात, आपापसांत काहीतरी बोलतात, आणि काय बोलले विचारलं की आजी म्हणते, काही नाही." मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. आमच्या घरात कुणी रंग बघत नाही, हे मी तुझ्या आईबाबांच्या, मेधा-मार्कसच्या लग्नात सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाले होते, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटी तोडगा तूच काढलास. आधी ग्रॅमाने जाऊन बघायचं आणि परत येऊन खरं ते सांगायचं. मग तू ठरवणार.

म्हणून ऑक्टोबरात तुमची ग्रॅमा, डोरोथी, अमेरिकेहून आली. जन्मभर टपाल कचेरीच्या खिडकीत बसलेली बाई. समोरच्याकडे चष्म्यावरून अशी बघते की आपण तिकीट लावायला विसरलो की काय असं वाटतं. परीक्षा घ्यायला ती आली होती आणि परीक्षेला मी बसले होते. जुनी मुख्याध्यापिका असल्यामुळे मी सगळ्या नातेवाइकांना आधीच फोन करून तयारी करून घेतली. कुणी रंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढलाही नाही कुणी. आठवडाभर सगळे तिच्याशी पावसाबद्दल बोलले.

"तुझ्या माणसांना हवामानाची फार आवड आहे," डोरोथी म्हणाली. "मला जरा गावाबाहेर घेऊन चल."

चांदणी चौक ते पौड

गाडी सुभाषची. तो मूळचा मुळशीकडचाच, धरणाकाठच्या गावाचा. निघण्याआधी मी त्याला बाजूला घेतलं.

"सुभाष, रंगाबद्दल काही बोलायचं नाही."

"कुनाच्या, बाई?"

"कुणाच्याच."

"गाडीच्या बी न्हाई?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. माझ्या शाळेतली मुलं या बघण्याला घाबरत. तो घाबरला नाही, पण गप्प बसला.

भूगाव मागे पडलं, पिरंगुटचा घाट आला. या रस्त्याला तुमच्या आईच्या लहानपणी भातखाचरं आणि सागाची झाडं होती. आता कारखाने आहेत, आणि कारखान्यांच्या मधे 'प्लॉट विकणे आहे' अशा पाट्या. एका वळणावर भलंमोठं होर्डिंग लागलं. बंगला, हिरवळ, आणि हिरवळीवर हसणारं कुटुंब: आई, बाप, मुलगा, मुलगी, कुत्रा. सगळे दुधासारखे पांढरे. कुत्रासुद्धा.

"हे कोण लोक?" डोरोथीने विचारलं. "पुण्यात आठवडा काढला, यातलं एकही माणूस मला भेटलं नाही."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. "जाहिरात आहे," मी म्हणाले.

पौडला चहाला थांबलो. डोरोथी दूध घेत नाही. सुभाषने टेबलावरूनच ऑर्डर दिली. "दोन चहा, आन् एक बिनदुधाचा."

"काळा का?" पोऱ्याने विचारलं.

"आरं बिनदुधाचा म्हनलो ना!"

"तेच की." आणि तो भटारखान्याकडे तोंड करून ओरडला, "दोन पेशल, एक काळाऽऽ!"

सुभाषने माझ्याकडे असं पाहिलं की जणू आता मी त्याला वर्गाबाहेर उभा करणार.

"काय झालं?" डोरोथी.

"काही नाही," मी म्हणाले.

चहा छान होता. सोबत गरम भजी होती. डोरोथीने चार खाल्ली आणि माझ्या ताटलीतलं एक.

धरणाच्या काठी

पौडच्या पुढे डोंगर जवळ येतात. पाऊस नुकताच संपला होता, त्यामुळे उतारांवर सोनकीची पिवळी फुलं पसरली होती आणि खाली खाचरांत भात पिवळा पडायला लागला होता. मग एकदम पाणी दिसतं. तुमच्याकडच्या तळ्यांसारखं ते गोल, नेटकं नाही. डोंगरांच्या बोटांबोटांमधून शिरलेलं आहे. पलीकडच्या डोंगराला कुणीतरी नवीन रस्ता खणत होतं, त्याची लाल रेघ दिसत होती. इथे आता सगळ्यांनाच पाण्याकाठी घर हवं आहे.

आमचं गेस्ट हाउस नवंच होतं. मालक तरुण, हिंजवडीतली नोकरी सोडून हा उद्योग काढलेला. 'अमेरिकेच्या पाहुण्या येणार आहेत' एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. आणखी काय सांगायचं? रंग सांगणं मला असभ्यपणाचं वाटलं.

तो झेंडूचा हार घेऊन फाटकात उभा होता. गाडी थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं, डोरोथीकडे पाहिलं, मग वाकून गाडीच्या आत पाहिलं.

"मॅडम मागच्या गाडीने येतायत का?"

मी काही बोलायच्या आत तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुमच्या आयाबाईंची सोय मागे आहे, स्वयंपाकघराला लागून. सगळ्यांच्या आया तिथेच उतरतात."

माझे कान तापले. "याच त्या अमेरिकेच्या पाहुण्या," मी म्हणाले.

"ओह! सॉरी, सॉरी! वेलकम!" आणि हार डोरोथीच्या गळ्यात पडला.

"काय म्हणत होता?" तिने विचारलं.

"मागची खोली जास्त शांत आहे, ती हवी का विचारत होता."

डोरोथीने हार हाताने सारखा केला. "मनमिळाऊ दिसतो," ती म्हणाली. पण चष्म्यावरून मला बघितलं.

जेवायला अमेरिकन पाहुण्यांसाठी म्हणून उकडलेले बटाटे, लोणी लावलेला पाव आणि पांढरट सूप होतं. पलीकडच्या ओट्यावर सुभाष पिठलं, भाकरी आणि ठेचा घेऊन बसला होता. डोरोथी उठली, स्वतःचं ताट उचलून त्याच्यासमोर ठेवलं आणि त्याचं आपल्याकडे ओढलं. सुभाषने बटाट्याकडे बघून मोठा निःश्वास सोडला. मग भाकऱ्या आणखी आल्या आणि सगळेच पिठलं जेवले.

हिराबाईच्या ओट्यावर

दुसऱ्या दिवशी चालायला निघालो. सुभाष म्हणाला, त्याची मावशी वर धनगरवाड्याशेजारी राहते, तिच्याकडे चहा घेऊ. बांधावरून, शेळ्यांच्या पायवाटेने वर चढलो. डोरोथी न थांबता चढली. मी दोनदा फुलं बघायला म्हणून थांबले.

हिराबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. वयाने आमच्याएवढीच, नऊवारी लुगडं, हातात काठी. तिने डोरोथीला पाहिलं आणि शेंगा खाली ठेवल्या.

"आगं आयायाय! लई काळी हाय गं ही! आमच्या सासूपरीस काळी!"

"ती म्हणते, या, बसा," मी भाषांतर केलं.

"मोठं होतं या-बसा," डोरोथी म्हणाली.

"दात बघ कसं पांढरंशिप्पट! आन् केस करडावानी कुरळं. हात लावू का गं?"

"प्रवास कसा झाला, विचारते आहे."

हिराबाईचा हात पुढे आला होता. डोरोथी एक पाऊल मागे सरली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी शेळ्यांकडे बघत राहिले. सुभाषला राहवलं नाही. त्याचं इंग्रजी गिऱ्हाइकांकडून उचललेलं, क्रियापदं वाचवून वापरणारं. त्याने बोटांवर मोजत सगळं सांगून टाकलं: फार काळी. सासूपेक्षा जास्त. दात चांगले. केस, शेळीचं बाळ. हात लावायचा, होय की नाही?

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डोरोथीचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग तिचे खांदे हलायला लागले. ती ओट्यावर बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली.

"विचार तिला, सासू कशी होती?" ती म्हणाली. "आणि केसांना हात लावायचा नाही. तेही सांग. गोड करून नको, नाही म्हणून सांग."

मी सांगितलं. असं तोंडावर 'नाही' सांगणं मला फार जड गेलं. आपल्याकडे पाहुणा 'नाही' म्हणत नाही, 'नंतर बघू' म्हणतो.

हिराबाईला काही वाटलं नाही. "बरं, न्हाई तर न्हाई. इचारलं म्हून काय झालं? आन् सासू म्हनशीला तर लई खाष्ट. पर तिच्यासारखी भातलावनी कुनाला जमली न्हाई. मला बी बघून दोन ठिकानच्यांनी परत लावली, काळी म्हून. मंग ह्या सासूनं पसंत केली. म्हनली, माज्या जोडीला बरी."

मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. पहिल्यांदाच.

डोरोथी गंभीर झाली. "माझी आत्या मला उन्हात खेळू द्यायची नाही," ती म्हणाली. "आहेस तेवढी पुरे आहेस, म्हणायची."

मी मराठीत सांगितलं. हिराबाईने मान हलवली. "आत्या कुटली बी आसू दे, एकच."

त्यानंतर मला काही सावरून सांगावं लागलं नाही. दोघी बोलत होत्या आणि मी मधे टेलिफोनच्या तारेसारखी होते. हिराबाईने विचारलं, मालक हायती का हिचं? हायती, आणि सध्या टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला विसरत असतील. सुना किती? जावई कसा? खेकडं खाती का?

खेकडे म्हटल्यावर डोरोथी ताठ बसली. ती समुद्रकाठची. हिराबाईच्या नातवंडांनी खाचरातून सकाळीच खेकडे धरून आणले होते. रस्सा झाला, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. मी शाकाहारी, मला लसणाची चटणी मिळाली. डोरोथीने खेकड्याची नांगी दातांत धरून अशी फोडली की हिराबाई हातातली भाकरी थापायची थांबली.

"ही आमच्यातली हाय," ती म्हणाली. "तुमी न्हाई." हे माझ्याकडे बघून. मी तेही भाषांतर केलं.

निघताना तिने विचारलं, "ही तुमची कोन?"

"पाहुण्या आहेत," मी म्हणाले.

"इहीन हाय त्यांची," सुभाष म्हणाला. "बाईंची लेक हिच्या पोराला दिलीया."

हिराबाईने काठी आपटली. "लेक दिली त्या घरात, आन् पावनी म्हनताय? इहीन म्हना की! इहिनीची वटी भरल्याबिगर धाडायची व्हय? आज नारळ न्हाई घरात. उद्या जाताना थांबा. थांबला न्हाई तर बगा!"

उतरताना

खाली येताना पाण्याच्या कडेला एका खडकावर बसलो. डोरोथीने बूट काढले.

"मी आल्यापासून किती वाक्यं गिळलीस, शालिनी?"

"फार नाही."

"मागची खोली शांत आहे, हे त्यातलंच?"

मी ते सांगितलं. आया हा शब्दसुद्धा. तिने मान डोलावली. तिला अंदाज होताच. जगभर त्या खोलीचा पत्ता मला माहीत आहे, असं काहीसं म्हणाली.

"हे तू चांगल्या मनाने करतेस," ती म्हणाली. "पण अनयाचा विचार कर. तिला माणसांचे चेहरे दिसतात, आवाज ऐकू येतो, आणि आजी हातात ठेवते 'काही नाही'. मग उरलेलं ती स्वतः रचते, आणि ते हिराबाईच्या बोलण्यापेक्षा वाईट असतं."

"मग येणाऱ्या-जाणाऱ्याचं प्रत्येक वाक्य पोरीच्या कानात घालू?" मी चिडले होते. "मला तिचा रंग दिसत नाही, यात वाईट काय आहे?"

"हा रंग मला माझ्या आईने दिला. मी मार्कसला दिला. त्याने अनयाला. आमच्या घरातून तिच्याकडे गेलेली ही वस्तू तू बघायचीच नाही म्हणतेस. सगळं गाव तिला बघणार आणि एकट्या आजीला ती दिसणार नाही, अशा ठिकाणी मी तिला ये कशी सांगू?"

पाण्यावर पाणकावळे बसले होते. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी: लग्न जुळवताना आमच्याकडे एवढे शब्द असतात, आणि ते सगळे मला लहानपणापासून पाठ आहेत. अनया समोर आली की मी ते कपाटात बंद करते. बंद कपाट कुणाला दिसत नाही, असं मी समजत होते.

संध्याकाळी मालक विचारायला आला, सगळं ठीक ना? मी म्हटलं, "नाही. काल तुम्ही माझ्या विहीणबाईंना आया समजलात. त्या काळ्या आहेत म्हणून."

"छे छे, आजी!" तो दुखावला गेला. "आमच्याकडे असला भेद नाही हो. आम्ही रंग बघतच नाही."

माझंच वाक्य. हात छातीशी नेण्याची लकबही माझीच. मला त्याचा राग यावा की हसू, कळेना.

तो काय म्हणाला, असं डोरोथीने विचारलं. मी सांगितलं. ती त्याला इंग्रजीत म्हणाली, "रंग तुम्ही बघितलात, त्यात काही बिघडलं नाही. तो आहेच. बघून जे ठरवलंत ते चुकलं."

त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "खरं सांगू का? मी गोरी बाई येणार असं धरून चाललो होतो. बटाटेसुद्धा त्यासाठीच उकडले."

"मग बटाट्यांची माफी आधी मागा," डोरोथी म्हणाली.

त्याने मागितली. दुसरीही मागितली, आणि ती मागताना मात्र तो हसत नव्हता. सकाळी नाश्त्याला त्याच्या आईने स्वतः थालीपीठं लावली आणि एकामागून एक डोरोथीच्या ताटात टाकत राहिली.

विहिणीची ओटी

परतताना हिराबाईकडे थांबलो. न थांबण्याची आमची कुणाची हिंमत नव्हती. तिने डोरोथीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पदर नाही म्हणून ओढणीसारखा एक पंचा तिच्या मांडीवर पसरला आणि त्यात नवे तांदूळ, नारळ आणि खण घातला. डोरोथीने विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं: आम्ही विहिणीचा असा मान करतो. माझ्या मुलीच्या लग्नातच हा करायचा होता, राहून गेला.

मग डोरोथीने पाकिटातून फोटो काढला. अनया, तुझा तो शाळेतला, दात दाखवून हसतानाचा. हिराबाईने तो उजेडाकडे धरला, लांब केला, जवळ घेतला.

"गोड हाय. रंग कुनाचा घेतलाय पोरीनं?"

सुभाष माझ्याकडे बघायला लागला. डोरोथीला शब्द कळले नव्हते, पण तीही माझ्याकडे बघत होती.

"हिचा," मी म्हणाले. "माझ्या विहीणबाईंचा. अगदी तोच."

"व्हय की!" हिराबाईने फोटो डोरोथीच्या गालाशी नेऊन ताडून पाहिला. "आन् तुमचं काय घेतलं?"

"नाक. आणि हट्ट."

मी हे डोरोथीला सांगितलं. ती म्हणाली, हट्ट माझा आहे, तो देणार नाही. मी ते हिराबाईला सांगितलं.

"दोगींचा घेतला आसंल तर आवघड हाय," हिराबाई म्हणाली. "घिऊन या पोरीला. बघू दे आमाला."

"बघू दे म्हणजे?"

"बघू दे म्हंजे बघू दे! डोळं हायती की आमाला."

गाडीत डोरोथी मांडीवरचा नारळ धरून बसली होती. पौड मागे गेल्यावर म्हणाली, "मी अनयाला सांगणार आहे की लोक बघतात. काही चांगलं बोलतात, काही वाईट, आणि काही तुझ्या केसांना हात लावू बघतात. हे सगळं सांगून मग मी म्हणणार, जा. पण एका अटीवर."

अट कोणती ते तिने सांगायची गरज नव्हती. मी हो म्हणाले.

तर अनया, ठरवायचं तुला आहे. आलीस तर बाजारात माझ्याबरोबर चल. कुणी काही बोललं की मला विचार, मी आहे तसं सांगेन. त्यावर काय उत्तर द्यायचं ते तू मला इंग्रजीत सांग. ते मराठीत, चांगलं झणझणीत करून पोचवायचं काम माझं.